दर शनिवारी बाहेर पडूनही सोमवारी थकवा तेवढाच

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या एक्केचाळीस वर्षांच्या, पुण्यात सूस रोडला राहतात, नोकरी हिंजवडीत. घरात नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. गेल्या वर्षभरात लोणावळा तीनदा, महाबळेश्वर, कास, ताम्हिणी, दिवाळीत केरळ आणि आता नुकतंच मनाली. त्या लिहितात, 'सगळे म्हणतात निसर्गात गेलं की माणूस ताजातवाना होतो. मी परत येते तेव्हा मळक्या कपड्यांचा ढीग आणि डोकेदुखी एवढंच बरोबर असतं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहायला घेतली. वीस दिवस झाले, चहा, ऊन आणि मुलगी या तीनच गोष्टी फिरून फिरून येतात आणि लिहिताना खोटं वाटतं. माझ्यातच काही कमी आहे का?'

नाही हो. मी गेली सव्वीस वर्षं पुण्यातून लोकांना डोंगरात नेते, आधी गडांवर आणि आता बहुतेक टेकड्यांवर. तुमचं हे वाक्य दर पावसाळ्यात दहा-बारा जणांकडून ऐकते. बाकीचे ते उतरताना, पाय भरून आलेले असताना हळूच म्हणतात आणि घरी पोचल्यावर हसरे फोटो टाकतात. तुम्ही सरळ विचारलंत, बरं केलंत.

आधी हिशोब करू. कासचा दिवस आठवा. एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास जाणं, तेवढंच येणं, म्हणजे सहा-सात तास गाडीत. वाटेत नाश्ता, पार्किंग, रांग. पठारावर दीड-दोन तास, त्यातला अर्धा वेळ 'इकडे बघ, जरा हस' यात. कासची बरीचशी फुलं नखाएवढी असतात. सीतेची आसवं लांबून निळा-जांभळा गालिचा वाटतो. गुडघे टेकून पाहिलं तरच एकेक फूल दिसतं. ते एवढंसं रोप जमिनीखाली बारीक फुगे बाळगतं आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं, हे माहीत असलं तर माणूस तिथून लवकर उठत नाही. तुम्ही गेलात, गालिचा पाहिलात, निघालात. दिवस प्रवासात गेला, निसर्गात दीड तास. थकवा येणारच, त्यात मनाचा दोष कुठे आला?

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, स्वतःची फजिती झालीय म्हणून सांगते. पूर्वी मी गडांची यादी ठेवायचे. एका वर्षात त्रेसष्ट ट्रेक केले होते आणि त्याचा तोराही होता. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्याभरात राजगडला तीनदा जाणं झालं. तिन्ही वेळा पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोरदरवाजाने वर, हातात घड्याळ, मागे चाळीस माणसं आणि तोंडात सारखं 'चला, चला'. तिसऱ्या खेपेला खाली उतरलो. ज्यांच्या अंगणात आम्ही ताक प्यायचो त्या आजींनी विचारलं, 'वाटंवरला पांगारा फुलला का गं औंदा?' गुडघ्यांमुळे त्यांचं वर जाणं सुटलं होतं. मला उत्तर देता येईना. पांगारा फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं, नुसती लालभडक फुलं, आणि त्यांवर मैना, बुलबुल, कावळ्यांचा बाजार भरलेला. डोळे असलेल्याला तो चुकवता येत नाही. पुढच्या रविवारी एकटी गेले. वाटेला लागूनच होता तो, बहर ओसरत आलेला, पायवाटेवर पाकळ्यांचा सडा. महिन्यात सहा वेळा, येता-जाता, मी त्याच्याखालून गेले होते.

आजींना मी जाऊन सांगितलं, फुलला. त्या नुसतं 'बरं झालं' म्हणाल्या आणि निवडायला घेतलेले तांदूळ निवडत राहिल्या. मी मात्र त्या हंगामानंतर यादी फाडली.

मानसशास्त्रात याचं एक चांगलं स्पष्टीकरण आहे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन दांपत्याने १९८९ मध्ये ते सविस्तर मांडलं. आपण ऑफिसात वापरतो ते लक्ष ओढून-ताणून लावलेलं असतं: हे वाच, ते बाजूला सार, फोन वाजला तरी इथेच राहा. हे लक्ष दमतं. दमलं की चिडचिड होते, चुका होतात, साधा निर्णयही जड वाटतो. पानांची सळसळ, वाहतं पाणी, ढगांची सावली या गोष्टी आपल्याला अलगद गुंतवतात, जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात ते ओढून लावलेलं लक्ष विसावतं. आता तुमची सहल बघा. नकाशा, टोल, हॉटेलचे रिव्ह्यू, मुलीची उलटीची गोळी, चेक-इनची वेळ, कोणता फोटो चांगला. सगळं तेच ओढून लावलेलं लक्ष. ऑफिस बदललं, काम तेच राहिलं.

सुट्टीने आलेली तरतरी कामावर परतल्यावर किती टिकते यावरही अभ्यास झालेत आणि ते फारसे दिलासादायक नाहीत. बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. उलट इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांची माहिती तपासून २०१९ मध्ये असं दिसलं, की आठवड्यात एकूण १२० मिनिटं झाडापाण्यात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती बरी असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. एकदम दोन तास की तुकड्यातुकड्यांनी, यात फरक आढळला नाही. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त बाहेर पडत असतील ही शंका उरतेच. पण माझ्या सव्वीस वर्षांच्या अनुभवाशी ती जुळते. मनालीहून आलेला माणूस पंधरा दिवस मनालीबद्दल बोलतो. बुधवार-रविवार टेकडीवर जाणारा फार बोलत नाही, पण दिवाळीपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं असतं.

तेव्हा माझा सल्ला असा: पुढचे सहा महिने नवीन जागा बंद. एकच टेकडी, घरापासून वीस मिनिटांच्या आतली. सूस रोडवरून बाणेर-पाषाणची टेकडी जवळ. वेताळ टेकडीलाही पंचवटीच्या बाजूने चढता येतं. आठवड्यातून दोनदा, एकदा मधल्या वारी. सकाळी सव्वासहा ते साडेसात. वर एक जागा ठरवा, दगड किंवा झाडाचं खोड, आणि दर वेळी तिथे वीस मिनिटं बसा. फोन खिशात, आवाज बंद. पहिली दहा मिनिटं डोकं बडबडेल, कालच्या मीटिंगमधलं कोणाचं तरी वाक्य दहादा ऐकू येईल. येऊ दे. चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत कंटाळाही येईल. तिथेच बहुतेक लोक सोडतात आणि ताम्हिणीला जातात. तुम्ही बसून राहा.

त्या कंटाळ्यापलीकडे काय आहे ते सांगते, कारण मला सांगायला सगळ्यात आवडतं ते हेच.

वेताळ टेकडी घ्या. जवळपास आठशे मीटर, पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा. तुम्ही ज्या काळ्या कातळावर बसाल तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थंड झालेला लाव्हा. आत्ता मेच्या शेवटी गवत वाळून पांढरं पडलंय आणि सगळं भकास दिसतं. लोक म्हणतात, आता काय बघायचं? आता नवरंगाची वाट बघायची. नऊ रंगांचा, बुटक्या शेपटीचा पक्षी. दिसतो क्वचित, पण पहाटे त्याची दोन सुरांची शीळ झाडीतून येते आणि पाऊस जवळ आल्याचं कळतं. त्याच सुमाराला चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून. ज्या झाडावर मागच्या वर्षी होता त्याच्या आसपास तो पुन्हा दिसला की मला शेजारचे गावाहून परतल्यासारखं वाटतं. मग मृग. पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात, मृगाचे किडे. तुमच्या मुलीला ते दाखवा, काही शिकवू मात्र नका; ती तळहातावर घेईल, तेवढं पुरे.

जुलै-ऑगस्टमध्ये टाकळा उगवतो, कोवळा असताना त्याची भाजी होते. सप्टेंबरमध्ये तेरडा गुलाबी करून टाकतो आणि गवत कमरेला लागतं. ऑक्टोबरनंतर तेच गवत सूड घेतं. कुसळं मोज्यांत घुसतात आणि घरी सोफ्यावर बसून ती उपटावी लागतात. थंडी आली की धोबी पक्षी शेपटी हलवत हजर. फेब्रुवारी-मार्चमध्ये गणेर फुलतो, निष्पर्ण काळपट फांद्यांवर हातभर अंतरावरून सोन्याची वाटी ठेवल्यासारखी पिवळी फुलं. आणि अधूनमधून मोर ओरडतात, खाली विधी महाविद्यालयाच्या अलीकडे रिक्षा थांबलेल्या असताना.

(टेकडीवर सगळीकडे जो गिरिपुष्प दिसतो, ग्लिरिसिडिया, तो मध्य अमेरिकेतला. वनीकरणात तो भरमसाट लावला गेला. त्यावरून पुण्यात दोन निसर्गप्रेमी भेटले की तीन मतं निघतात. तुम्ही त्या वादात पहिल्या वर्षी पडू नका. खांद्याला स्पीकर अडकवून जुनी गाणी लावत चालणाऱ्या काकांशीही वाद घालू नका. मी बरीच वर्षं घातला, ते अजून येतात.)

एक वर्ष एकाच जागी बसलं की या सगळ्यांची ओळख होते. आता तुमच्या वहीकडे येते, कारण माझ्या मते वही अडली ती याच ओळखीवाचून.

कृतज्ञ हा शब्द फोडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणीतरी आपल्यासाठी काही केलंय हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. शब्दात गहिवर कुठेही नाही. उलट शब्द कृतघ्न, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. आपण मात्र रात्री साडेदहाला, दमलेल्या डोक्याने, गहिवर आणायला बसतो. येत नाही, मग खोटं वाटतं. तुम्ही 'चहा' लिहिलंत. चहा हे नाव झालं. चहासाठी कोणी काय केलं, त्याला त्याची काय किंमत मोजावी लागली, हे त्यात नाही. वही वाईट नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आठवड्यातून एकदा अशा गोष्टी लिहिणारे लोक कटकटींची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. रोजचा घरचा अभ्यास करू नका. रविवारी एकच गोष्ट लिहा, पण तिचा माग काढून.

मी लोकांना पाण्यापासून सुरुवात करायला सांगते. पुण्याच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतलं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. खडकवासल्याचं धरण १८७९ मधलं. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्याजवळ जून ते सप्टेंबर जे कोसळतं ते साठवून आपण पुढच्या मेपर्यंत पितो. स्वतः पुण्यात वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. मोठी सहल करायचीच तर जुलै संपताना एक दिवस या पाण्याच्या उलट दिशेने जा. सिंहगड रस्त्याने खडकवासला, मग जलाशयाच्या कडेकडेने पानशेतकडे. कुठे उतरून काही 'करायचं' नाही. जमलं तर नीळकंठेश्वराच्या डोंगरावर चढा. वरून धरणांचं पाणी बोटांसारखं डोंगरांत शिरलेलं दिसतं. त्या पाण्याखाली शेतं आहेत, घरांची जोती आहेत. ती सोडून उठलेल्या माणसांची नातवंडं आज दौंड-हवेलीकडे किंवा पुण्यातच कुठेतरी आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. तुमच्या सासरी-माहेरी कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना विचारा, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं. पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसांना पायरी आठवते.

हे कळल्यावर जे वाटतं ते गोड नसतं. त्यात थोडी टोचणी असते, देणं लागतो अशी. माझ्या मते ती टोचणी चांगली. एका फेरीनंतर एक निवृत्त इंजिनिअर गृहस्थ मला म्हणाले, 'बाई, भारावून वगैरे गेलो नाही. पण घरी जाऊन बाथरूमचा गळका नळ बदलला. आठ महिने तसाच होता.' मी आजवर ऐकलेल्या अनुभवांत हा मला वरच्या नंबरचा वाटतो.

माझी आजी सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला हात लावून कपाळाला लावायची. पाय लावणार म्हणून आधी माफी. तिला कोणी कृतज्ञतेची वही दिली असती तर तिने त्यात किराणा लिहिला असता. मावळ-मुळशीतल्या देवराया टिकल्या त्याही अशाच वागण्याने. तिथली वाळकी काडीसुद्धा चुलीला न्यायची नाही, एवढा नियम, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा शहरातल्यांना कळलं, की आजूबाजूचं रान गेलं तरी इथे जुनी झाडं उभी आहेत. देवराईत गेलात तर आवाज खाली ठेवा आणि काही उचलू नका, सुंदर शेंगसुद्धा. आणि सिंहगडावर डोक्यावर पाटी घेऊन चढलेल्या मावशींशी दह्याच्या मडक्यावरून घासाघीस करू नका. आपण रिकाम्या हातांनी धापा टाकत पोचतो तिथे त्या दही घेऊन पोचलेल्या असतात.

लांबच्या प्रवासाला माझा विरोध नाही. तोही हवा, पण वर्षातून एक, आणि सात ठिकाणांऐवजी दोन. परतल्यावर एक अख्खा दिवस घरी मोकळा ठेवा; रविवारी रात्री अकराला विमानतळावर उतरून सोमवारी साडेनऊला हिंजवडी, हा स्वतःशी केलेला दुष्टपणा आहे. आणि एक प्रवास असा करा ज्यात तुम्ही घेणाऱ्या असाल, विकत घेणाऱ्या नव्हे. पुण्यात राहून हे सोपं आहे. आषाढी वारीत पालख्या पुण्यातून पुढे निघतात त्या दिवशी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवे घाटाने सासवडपर्यंत चाला. तीसेक किलोमीटरची मजल आहे, न जमल्यास घाट चढून थांबा. वाटेत अनोळखी माणसं केळी देतील, चहा देतील, पाय चेपायला बसतील. पैसे पुढे केलेत तर घेणार नाहीत. आपल्यासारख्या पगारदार माणसांना फुकट घेणं फार अवघड जातं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाईंनी माझ्या टाचेला तेल लावलं आणि मला कुठे बघावं कळेना.

मुलीला आणि नवऱ्याला टेकडीवर न्यायचं का? कधीतरी. पण बुधवार तुमचा एकटीचा ठेवा. एक गंमत मात्र तिघांनी करून बघा. कॅलिफोर्नियात व्हर्जिनिया स्टर्म आणि डॅकर केल्टनर यांच्या गटाने वयस्कर लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. अर्ध्यांना नुसतं, अर्ध्यांना थक्क करणारं काही शोधत. प्रत्येकाने सेल्फी काढायचे होते. २०२० मध्ये निष्कर्ष आले. थक्क होत चालणाऱ्यांच्या सेल्फीत आठवड्यागणिक स्वतःचा चेहरा लहान होत गेला आणि मागचा देखावा वाढत गेला. तुमच्या फोनमधले मनालीचे फोटो एकदा त्या नजरेने चाळा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पावसाळ्यात धबधब्याच्या कुंडात आणि धरणाच्या भिंतीवर उतरू नका; पाणी वरच्या पावसाने वाढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही. टेकडीवर अंधारात एकटीने थांबू नका, सकाळी वर्दळ असते तीच वेळ बरी. आणि दुसरी: थकवा एवढ्यावरच आहे ना, हे स्वतःला नीट विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, टेकडी नंतर. माझ्याबरोबर येणाऱ्या एका मुलीला हे सांगायला मी तीन महिने उशीर केला. ती आता बरी आहे, पण ते तीन महिने माझ्या हिशोबात राहिलेत.

आता सुरुवात. येत्या बुधवारी सव्वासहाला पंचवटीकडून चढा. चपला नकोत, बूट घाला, मुरूम घसरतो. पाणी घरून घ्या. खाणीच्या बाजूला झाडी दाट आहे तिथे बसा आणि दोन सुरांची शीळ आली का ऐका. पहिल्या बुधवारी बहुधा येणार नाही.